एल्बर्ट कॉक्स यांचे शोधनिबंध किती?

प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत आपल्या मुलामुलींना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "तुमचे शोधनिबंध किती?" प्रश्न दिसायला साधा आहे. समोर बसलेले तज्ज्ञ तो हसतमुखाने विचारतात, उमेदवार खाली मान घालून आकडा सांगतो आणि काही दिवसांनी राखीव जागेसमोर शेरा पडतो : 'योग्य उमेदवार आढळला नाही'. जागा रिकामी राहते, अनुशेष वाढतो, आणि पुन्हा आम्हालाच ऐकवले जाते की जागा दिल्या तरी तुमच्यात गुणवत्ता कुठे आहे?

सेवाविषयक प्रकरणे घेऊन माझ्याकडे जे प्राध्यापक येतात, त्यांतले बरेच जण हा आकडा सांगताना शरमतात. विशेषतः भौतिकशास्त्र आणि गणिताचे. तालुक्याच्या गावचे महाविद्यालय, प्रयोगशाळेत धूळ खात पडलेली उपकरणे, ग्रंथालयात एकही संशोधनपत्रिका नाही. वर निवडणुकीची कामे, पेपर तपासणी आणि प्राचार्यांच्या मर्जीची कामे वेगळीच. अशा सर्व बांधवांना आणि भगिनींना आज एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. चाळीस वर्षे महाविद्यालय-विद्यापीठात शिकवून त्यांनी फक्त दोन शोधनिबंध छापले. त्यांचे नाव एल्बर्ट फ्रँक कॉक्स. गणितात पीएच. डी. मिळवणारे जगातले पहिले कृष्णवर्णीय म्हणून त्यांची नोंद आहे.

आमच्या चळवळीला अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा लढा परका नाही. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रो जनतेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ च्या दलित पँथरचे नाव कुठून आले हे सांगायला नको. पण या ओळखीत एक उणीव आहे. आम्हाला त्यांचे नेते ठाऊक आहेत, कवी-गायक ठाऊक आहेत, खेळाडू तर घराघरात ठाऊक आहेत. त्यांचे गणिती आणि भौतिकशास्त्राचे मास्तर मात्र ठाऊक नाहीत.

कॉक्स यांचा जन्म ५ डिसेंबर १८९५ चा, इंडियाना राज्यातील इव्हान्सव्हिलचा. म्हणजे बाबासाहेबांपेक्षा ते साडेचार वर्षांनी लहान. वडील कृष्णवर्णीयांच्या शाळेत शिक्षक, पुढे मुख्याध्यापक. एल्बर्ट सात वर्षांचे असताना, १९०३ च्या जुलैत, त्यांच्या गावात वांशिक दंगल उसळली. मुलगा व्हायोलिन उत्तम वाजवायचा. प्रागच्या संगीत विद्यालयाची शिष्यवृत्तीही त्याला देऊ करण्यात आली होती. पण शाळेत गणित आणि भौतिकशास्त्रात जी गोडी लागली ती सुटेना. तो इंडियाना विद्यापीठात गेला आणि १९१७ साली पदवीधर झाला. याच काळात, १९१३ ते १९१६, बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दिवसाचे अठरा तास अभ्यास करीत होते.

त्या पदवीच्या गुणपत्रिकेची गोष्ट वाचकांनी नीट लक्षात ठेवावी. इंडियाना विद्यापीठ त्या काळी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिकेवर आडवा शब्द छापत असे : 'कलर्ड'. गुण कितीही मिळोत, गुणांच्या आधी रंग वाचला जाईल याची सोय विद्यापीठानेच करून ठेवलेली. आमच्याकडे असा शिक्का मारायची गरज नाही. आडनाव ते काम करते, आणि आडनावावरून उमगले नाही तर "मूळ गाव कोणते?" हा प्रश्न असतोच.

पदवीनंतर कॉक्स यांनी ओहायो नदीपलीकडे केंटकी राज्यातील हेंडरसनला कृष्णवर्णीयांच्या शाळेत गणित शिकवले. पहिल्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन फ्रान्समध्ये राहिले. परत येऊन रॅले येथील शॉ विद्यापीठात विज्ञानाचे विषय शिकवू लागले. १९२२ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठात प्रवेश घेतला. हा काळ कसा होता? त्यांचे स्वतःचे इंडियाना राज्य तेव्हा कू क्लक्स क्लानच्या ताब्यात जाऊ पाहत होते, आणि क्लानने त्या राज्यात पाय रोवले ते त्यांच्याच इव्हान्सव्हिलमधून.

कॉर्नेलमध्ये त्यांना मार्गदर्शक लाभले विल्यम लॉइड गॅरिसन विल्यम्स. गुलामगिरीविरुद्ध आयुष्यभर लेखणी चालवणाऱ्या संपादक गॅरिसन यांचे नाव बाळगणारा हा क्वेकर पंथाचा गोरा गणिती. १९२४ मध्ये ते कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात गेले, तेव्हा शिष्यवृत्ती घेऊन कॉक्सही काही काळ माँट्रियलला जाऊन आले. १९२५ च्या सप्टेंबरात त्यांना पीएच. डी. मिळाली.

प्रबंधाचा विषय सामान्य वाचकालाही थोडक्यात समजावता येईल. सावकाराचे कर्ज घ्या. मागच्या महिन्याच्या बाकीवर व्याज चढते, त्यातून आपण भरलेला हप्ता वजा होतो आणि या महिन्याची बाकी उरते. एका टप्प्यावरून पुढचा टप्पा काढण्याचा जो नियम, तो समीकरणात मांडला की त्याला डिफरन्स इक्वेशन म्हणतात. अशा एका प्रकारच्या समीकरणांची बहुपदी स्वरूपातील उत्तरे कॉक्स यांनी शोधली. सावकाराला एवढे गणित लागत नाही, त्याची वही पुरते. पण टप्प्याटप्प्याने बदलणाऱ्या राशींचा जिथे जिथे हिशेब करावा लागतो, तिथे हे शास्त्र उपयोगी पडते.

पदवी तर मिळाली. पण विल्यम्स यांना आपल्या देशबांधवांची नस ठाऊक होती. एका निग्रोला गणितात डॉक्टरेट मिळाली यावर शंका घेतल्या जातील, म्हणून अमेरिकेबाहेरच्या एखाद्या विद्यापीठाने या प्रबंधाला मान्यता द्यावी यासाठी ते खटपट करू लागले. इंग्लंड आणि जर्मनीतील विद्यापीठांनी नकार दिला. मान्यता दिली ती जपानच्या सेंदाई येथील शाही विद्यापीठाने. पुढे १९३४ मध्ये तेथील तोहोकू गणित नियतकालिकातच हे संशोधन छापले गेले. आता तज्ज्ञ मंडळींना विचारावेसे वाटते की, कोणत्या गोऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाला आपल्या विद्यापीठाच्या सहीनंतर दुसऱ्या देशाची सही आणावी लागली? आमच्या मुलाचे जातप्रमाणपत्र तपासले जाते ते कायद्याने, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची पदवीही संशयाने पाहिली जाते, ती कोणत्या कायद्याने?

जगातल्या पहिल्या कृष्णवर्णीय गणित-डॉक्टरला अमेरिकेने कुठे नेमले? वेस्ट व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट नावाच्या गावी, कृष्णवर्णीयांसाठीच्या महाविद्यालयात. पगार वर्षाला १८०० डॉलर. विषय गणित आणि भौतिकशास्त्र, दोन्ही. ज्यांनी एकाच आठवड्यात अकरावीला एक, प्रथम वर्षाला दुसरा आणि तृतीय वर्षाला तिसराच विषय शिकवला आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको. गोऱ्या विद्यापीठांची दारे बंदच होती. तेथे अर्ज करणेही व्यर्थ, हे सर्वांना इतके पक्के ठाऊक होते की, सतरा वर्षांनंतर, १९४२ मध्ये, डेव्हिड ब्लॅकवेल या तरुण गणितज्ञाने नोकरीसाठी शंभरावर महाविद्यालयांना पत्रे लिहिली आणि ती सगळी कृष्णवर्णीयांची महाविद्यालये निवडली.

या महाविद्यालयात कॉक्स चार वर्षे होते. १९२९ मध्ये ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेले. त्यांनी जिथे गणिताचा वर्ग चालवला होता, तिथे काही वर्षांनी विल्यम क्लेटर नावाचे प्राध्यापक आले. तेही हॉवर्डचेच, गणितातील तिसरे कृष्णवर्णीय डॉक्टरेटधारक. वर्गात एक विलक्षण हुशार मुलगी पाहून क्लेटर यांनी तिच्यासाठी त्रिमितीय भूमितीचा खास अभ्यासक्रम तयार केला. ती मुलगी कॅथरीन जॉन्सन. १९३७ मध्ये ती पदवीधर झाली, आणि १९६२ मध्ये जॉन ग्लेन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले तेव्हा यंत्राने केलेले गणित तिने हाताने तपासून द्यावे असा त्यांचा आग्रह होता. त्या गावातल्या त्या महाविद्यालयाला संशोधन संस्था म्हणून कोण मोजत होते?

क्लेटर यांचे पुढे काय झाले तेही सांगितले पाहिजे. टोपॉलॉजी या शाखेत त्यांचे दोन निबंध गाजले. मिशिगन विद्यापीठात त्यांनी संशोधनवृत्तीवर काम केले, पण प्राध्यापक म्हणून त्या विद्यापीठाने त्यांना घेतले नाही. गणितज्ञांच्या अधिवेशनाला जावे, तर जिथे सगळे उतरलेले त्या हॉटेलात कृष्णवर्णीयाला खोली नाही. जेवणाच्या टेबलावर, व्हरांड्यातल्या गप्पांत जे गणित पुढे सरकते त्यातून माणूस बाहेर. त्यांचे संशोधन थांबले. सिडनहॅम कॉलेजच्या प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला बाबासाहेबांनी हात लावू नये म्हणून सहकाऱ्यांनी हरकत घेतली होती, हे आपण जाणतो. आपण त्याकडे अपमान म्हणून पाहतो. तो अपमान होताच, पण ज्ञानाच्या देवघेवीतून माणसाला तोडण्याचा तो मार्गही होता, हे लक्षात घेतले पाहिजे.

हॉवर्डमध्ये कॉक्स यांनी पस्तीसहून अधिक वर्षे काढली. डॉक्टरेट असूनही ते तेथे सुरुवातीला कमी पात्रतेच्या काही सहकाऱ्यांपेक्षा खालच्या पदावर होते. पूर्ण प्राध्यापकपद मिळायला १९४७ साल उजाडले, म्हणजे पीएच. डी.नंतर बावीस वर्षे. हॉवर्ड ही आपल्याच लोकांची संस्था. तेव्हा हा दोष गोऱ्यांच्या माथी मारून चालणार नाही. आपल्या माणसांनी चालवलेल्या संस्थांत पात्र माणूस वर्षानुवर्षे कुजतो, ही गोष्ट महाराष्ट्रातील आमच्या शिक्षणसंस्थांच्या संचालकांनीही मनावर घ्यावी.

युद्धकाळात सैनिकांच्या विशेष प्रशिक्षणाचे वर्ग त्यांच्याकडे आले. १९५७ ते १९६१ ते विभागप्रमुख होते. साठीच्या दशकाच्या मध्यावर ते निवृत्त झाले आणि २८ नोव्हेंबर १९६९ ला वारले. या सगळ्या काळात त्यांचा दुसरा आणि शेवटचा शोधनिबंध आला १९४७ मध्ये. त्याचा विषय होता परीक्षेतील गुणांकनाच्या पद्धतींची गणिती तुलना! ज्याच्या स्वतःच्या गुणपत्रिकेवर 'कलर्ड' छापले होते, त्या माणसाने गुण देण्याच्या रीतीचीच गणिताने झडती घेतली.

दोन निबंध. आजच्या कोणत्याही निवड समितीपुढे कॉक्स बसले असते तर नापास झाले असते. पण दुसरा आकडा पाहा. हॉवर्डच्या गणित विभागात सर्वांत जास्त पदव्युत्तर प्रबंध ज्यांच्या मार्गदर्शनाखाली झाले, ते कॉक्स होते. तेथे पीएच. डी.ची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या नावे एकही पीएच. डी. विद्यार्थी नाही. ती सोय सत्तरच्या दशकाच्या मध्यावर झाली, त्यांच्या मृत्यूनंतर. पण ज्या विभागावर ती उभी राहिली तो विभाग पिढ्या घडवून कोणी उभा केला, हे हॉवर्डचे लोक जाणतात.

आता कोणी म्हणेल, आणि म्हणतातच, की त्याच हॉवर्डमध्ये डेव्हिड ब्लॅकवेल होते. १९४४ ते १९५४ ते तेथे शिकवत होते, विभागप्रमुख होते, आणि शिकवता शिकवता त्यांनी संशोधनाचा डोंगर उभा केला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. मग कॉक्स यांना का जमले नाही? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. ब्लॅकवेल असामान्य होते, हे पहिले उत्तर. पण ते पुरे नाही. बावीसाव्या वर्षी डॉक्टरेट झाल्यावर त्यांना एक वर्ष प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये राहता आले. तेथेही प्रिन्स्टन विद्यापीठाने त्यांना रिवाजाप्रमाणे पाहुणा सभासद करून घ्यायला आक्षेप घेतला होता, पण दार किलकिले तरी झाले. १९४८ नंतर रँड या संस्थेत सल्लागार म्हणून काम करताना त्यांना बरोबरीचे संशोधक भेटले. कॉक्स यांच्या उमेदीच्या वर्षांत, १९२५ ते १९४०, यांपैकी काहीच नव्हते. वीस वर्षांत दार चार बोटे उघडले, तर एवढा फरक पडला. एका ब्लॅकवेलचे नाव घेऊन शंभर कॉक्स यांना हिणवणे ही जुनी चलाखी आहे. "बाबासाहेब शिकले ना कंदिलाच्या उजेडात, मग तुम्हाला वसतिगृह कशाला?" हे आम्ही ऐकतोच.

वकील म्हणून मला यात आणखी एक गोष्ट दिसते. कॉक्स हॉवर्डला आले त्याच १९२९ मध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे त्याच विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयाचे उपअधिष्ठाता झाले. थरगुड मार्शल हे त्यांचे विद्यार्थी. या मंडळींनी वेगळ्या शिक्षणाविरुद्ध जी न्यायालयीन लढाई उभारली, तिच्यातील १९५० चा स्वेट विरुद्ध पेंटर हा निकाल आमच्या प्रत्येक प्राध्यापक संघटनेने मराठीत आणून वाचावा. हेमन स्वेट हा पोस्टमन. टेक्सास विद्यापीठाने त्याला कायद्याच्या वर्गात प्रवेश नाकारला आणि सरकारने घाईघाईने कृष्णवर्णीयांसाठी वेगळे विधी महाविद्यालय काढले. न्यायालयाने काय केले? मोजले. गोऱ्यांकडे १६ पूर्णवेळ प्राध्यापक, ६५,००० वर पुस्तके. कृष्णवर्णीयांकडे ५ प्राध्यापक, १६,५०० पुस्तके. आणि मोजून झाल्यावर न्यायालयाने म्हटले की, मोजता न येणाऱ्या गोष्टींतील तफावत याहून मोठी आहे : अध्यापकांचा लौकिक, माजी विद्यार्थ्यांचे वजन, परंपरा. त्याच दिवशी मॅक्लॉरिन खटल्यात न्यायालयाने सांगितले की, वर्गात घेतले पण ग्रंथालयात वेगळे टेबल, भोजनगृहात वेगळे टेबल दिले, तर ती समानता नव्हे, कारण त्याने इतरांशी चर्चा करून शिकणेच अडते.

आमच्याकडे उलट चालते. संस्थेत काय आहे हे न मोजता माणसाकडे किती आहे हे मोजतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने 'एपीआय'ची गुणांची पद्धत आणली. २०१८ मध्ये तिचे रूप बदलले, तरी छापील निबंध मोजण्याची सवय काही गेली नाही. त्यातून पैसे घेऊन निबंध छापणाऱ्या नियतकालिकांचा बाजार फोफावला. ज्याच्या खिशात पैसे त्याचे संशोधन फळफळले. राखीव जागांचे तर विचारूच नका. २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने संपूर्ण विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक धरले. छोट्या विभागात तेरा बिंदूंच्या नामावलीने आमच्या वाट्याला जागा यायलाच पिढी उलटली असती. रस्त्यावर उतरावे लागले, तेव्हा २०१९ मध्ये आधी अध्यादेश आणि मग कायदा झाला. पण कायद्याने जागा वाचली, तरी 'योग्य उमेदवार आढळला नाही' ही पळवाट शाबूत आहे.

बाबासाहेबांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली. मिलिंदने मराठवाड्याला साहित्यिक, कार्यकर्ते, अधिकारी दिले. पण गणित आणि भौतिकशास्त्रात आमची फळी आजही विरळ आहे. आमची हुशार मुले स्पर्धा परीक्षांकडे वळतात, कारण प्रयोगशाळेतील वाट लांब आहे आणि वाटेत तासिका तत्त्वाचा खड्डा आहे. त्या खड्ड्यातही जे भौतिकशास्त्र शिकवत टिकून राहिले आहेत, त्यांच्या कामाचा हिशेब चळवळीने तरी ठेवायला हवा. कोणी किती विद्यार्थ्यांना एम. एस्सी.पर्यंत पोहोचवले, कोणत्या खेड्यातील मुलगी कोणाच्या शिकवणीने संशोधन संस्थेत गेली, याची नोंद आपल्या जयंती-स्मरणिकांत का नसावी? नेत्यांच्या छायाचित्रांसाठी चार पाने लागतात, तेवढ्यात हे मावेल.

आणि जे मुलाखतीला जाणार आहेत त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. दरवर्षीचे वेळापत्रक प्राचार्यांच्या सहीनिशी जपून ठेवा, त्यावरून आठवड्याचे तास सिद्ध होतात. उपकरणांची मागणी, नियतकालिकांची मागणी, परिषदेला जाण्यासाठी रजेचा अर्ज हे सर्व लेखी द्या आणि पोच घ्या. तोंडी नकाराला न्यायालयात किंमत नसते. मुलाखतीत डावलले गेलात तर बिंदुनामावली, निवड समितीचे इतिवृत्त आणि स्वतःला दिलेले गुण माहिती अधिकारात मागा. अर्जाला दहा रुपये लागतात. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिले अपील करता येते. ती मुदत चुकवू नका.